वाचकांचे प्रश्न : तोंडातली तंबाखू आणि गावाची साथ

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत विडी-सिगारेटविषयीची पत्रे मोजकी आणि तोंडात धरायच्या तंबाखूविषयीची पुष्कळ आहेत. यात नवल नाही. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के होते, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे 24.4 टक्के, म्हणजे दर चार प्रौढांमागे जवळजवळ एक. त्यातही स्त्रियांचे प्रमाण 16.6 टक्के होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. म्हणून पहिले पत्र एका आशाताईंचे, म्हणजे गावातील आरोग्य स्वयंसेविकेचे, घेतले आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत.

प्रश्न : माझ्या वाडीतील एक बावीस वर्षांची सून पाच महिन्यांची गरोदर आहे आणि दिवसातून चार-पाच वेळा दातांना मशेरी (भाजून कुटलेली तंबाखू) लावते. तिची सासूही लावते. मी सांगायला गेले तर सासूबाई म्हणतात, "आम्ही सगळ्यांनी लावली, पोरे झालीच ना?" सून माझ्यासमोर गप्प बसते. पुढे काय करावे?
— आशा स्वयंसेविका, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : ती तुमच्यासमोर गप्प बसते, म्हणजे निदान खोटे तरी बोलत नाही, आणि हे कमी नाही. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले तेव्हा गरोदर स्त्रियांना पहिल्याच भेटीत "तंबाखू खाता का?" असे विचारत असे आणि जवळपास सगळ्या जणी "नाही" म्हणत. त्या मला फसवत आहेत, असा माझा समज झाला होता. पुढे एका अनुभवी परिचारिकेने चूक दाखवून दिली : मशेरी खायची नसते, लावायची असते. त्यामुळे माझ्या प्रश्नाला त्यांचे उत्तर खरेच होते. तेव्हापासून मी "दात कशाने घासता आणि दिवसातून किती वेळा?" असे विचारू लागले आणि उत्तरे बदलली. तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी तुम्ही जो जोखमीचा अर्ज भरता त्यात तंबाखूचा प्रश्न आहे. परंतु बावीस वर्षांची गर्भवती त्या अर्जाच्या वयोगटातच बसत नाही. म्हणून गरोदरपणाच्या नोंदणीच्या वेळी मशेरी, तपकीर, पान आणि तंबाखू ही नावे एकेक करून वेगळी विचारण्याची सवय तुम्ही स्वतःच लावून घ्यावी, असे मी सुचवेन.

आता सासूबाईंच्या बोलण्याविषयी. त्यांचा अनुभव खोटा नाही, म्हणून तो खोडून काढत बसू नका. मशेरीने प्रत्येकच मूल दगावते असे कोणी म्हणत नाही. मुंबईत 1,217 गर्भवती स्त्रियांचा प्रसूतीपर्यंत पाठपुरावा करून 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन, इतर कारणांचा हिशेब केल्यानंतरही, सरासरी 105 ग्रॅमने कमी भरले आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीही त्यांच्यात अधिक झाल्या. त्या तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांपैकी बहुसंख्य मशेरी लावणाऱ्याच होत्या. तीन किलोच्या बाळाला शंभर ग्रॅमचा फरक पचतो; पण आई अशक्त, अंगात रक्त कमी आणि बाळ मुळातच दोन-सव्वादोन किलोचे असेल, तर तेवढेच शंभर ग्रॅम भारी पडतात. सासूबाईंना सांगताना "तुम्ही चुकलात" असा सूर न ठेवता "तुमच्या नातवाचे वजन वाढावे" असा ठेवलात, तर त्या ऐकतील, असे मला वाटते.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट मला मशेरीच्या वेळेत दिसते. दुपारी भांडी घासून झाली की दोन-चार बायका पडवीत बसतात, तव्यावर भाजून कुटलेली मशेरी डबीतून तळहातावर घेतात आणि अर्धा तास बोलत बसतात. कित्येक घरांत सुनेच्या वाट्याला येणारी ही एकच विश्रांती असते. तोंडात मशेरी असताना तिला कोणी कामाला हाक मारत नाही. मशेरी सोड म्हणताना आपण नकळत तिचा हा अर्धा तासही काढून घेतो, आणि मग ती सोडत नाही याचे आपल्याला आश्चर्य वाटते. तेव्हा सासूबाईंकडे दोन गोष्टी मागा. ही दुपारची बैठक मोडू नये आणि बाळंत होईपर्यंत सुनेपुढे डबी धरू नये. देणारा हात थांबला की घेणाऱ्याची निम्मी लढाई सोपी होते. गावात तंबाखू बहुतेकदा विकत घेण्याआधी दिली जाते, हे मी पुढच्या उत्तरांतही पुन्हा सांगणार आहे.

तिने मशेरी कधी आणि कशासाठी सुरू केली, हेही विचारा. बऱ्याच जणींची सुरुवात दाढदुखीतून होते. मशेरीने हिरडी बधिर होते आणि दुखणे तात्पुरते थांबते. तसे असेल तर आधी दंतवैद्याकडे पाठवा, कारण दाढ ठणकत असताना मशेरी सुटणार नाही. काहींना ती पोट साफ होण्यासाठी लागते. निकोटीनमुळे आतड्यांची हालचाल वाढते, त्यामुळे हा समज निराधार नाही. सोडल्यावर आठ-पंधरा दिवस बद्धकोष्ठ जाणवते. हे आधीच सांगून ठेवा आणि कोमट पाणी, पालेभाजी, फळे यांची आठवण करा, म्हणजे तिसऱ्या दिवशी ती घाबरून पुन्हा डबीकडे वळणार नाही. गरोदरपणात निकोटीनच्या गोळ्या स्वतःहून देऊ नयेत. त्याचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा. सोडण्याचा दिवस ठरला की तिसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि पंधरवड्याने तिच्या घरी जाऊन या. पहिले तीन-चार दिवस सर्वांत अवघड असतात आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण तिथे नसतो.

प्रश्न : तंबाखू नसलेली सुपारी किंवा साधा पानमसाला खाल्ला तर चालेल का? तंबाखू सोडण्यासाठी मी तोच आधार घेतला आहे.
— एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : नाही. सुपारी ही स्वतःच माणसात कर्करोग घडवणारी वस्तू आहे, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दिला आहे, आणि तोंड आखडत जाण्याच्या विकाराचे मुख्य कारणही सुपारीच आहे. तोंडाला चाळा हवा असेल तर भाजलेली बडीशेप, लवंग, वेलदोडा किंवा आवळ्याच्या फोडी ठेवा.

प्रश्न : आमच्या ग्रामसभेने खर्राबंदीचा (खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेले मिश्रण) ठराव केला. विक्री करणाऱ्याला आणि खाणाऱ्याला दंड ठेवला. दोन महिने गाव शांत होते. आता खर्रा घराघरांतून लपून मिळतो, पोरे शेजारच्या गावातून आणतात आणि दंडावरून भांडणे झाली. ठराव मागे घ्यावा का?
— ग्रामपंचायत सदस्य, गडचिरोली जिल्हा

उत्तर : ठराव मागे घेऊ नका, पण त्यातला दंड मागे घ्या, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या जिल्ह्याला हा अनुभव नवा नाही. लोकांच्या आंदोलनातून 1993 साली गडचिरोलीत दारूबंदी झाली, आणि नुसत्या बंदीने व्यसन जात नाही हे पुढच्या काळात दिसल्यामुळेच 2016 पासून ‘मुक्तिपथ’ हा दारू-तंबाखू नियंत्रणाचा कार्यक्रम डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था, महाराष्ट्र शासन आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून सुरू केला. लोकजागृती, गावाची संघटना, शासनाची अंमलबजावणी आणि व्यसनींवर उपचार या चारही गोष्टी त्यात बरोबरीने चालाव्यात अशी त्याची रचना आहे. तुमच्या गावाने यांपैकी एकीवरच सगळा भार टाकला, असे पत्रावरून दिसते.

कायदा काय म्हणतो, ते प्रथम नीट समजून घेऊ. महाराष्ट्राने 2002 साली गुटख्यावर बंदी घातली होती, पण राज्याला तसा अधिकार नाही या कारणावरून 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. पुढे 2006 चा अन्न सुरक्षा कायदा आणि त्याखालील 2011 चे विनियम आले; कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन घटक म्हणून वापरता येणार नाही, असे त्यांत म्हटले आहे. त्या आधारावर जुलै 2012 मध्ये राज्यात गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आली आणि तिची व्याप्ती नंतर सुगंधित तंबाखू व सुगंधित सुपारीपर्यंत वाढली. या कायद्याखालचा आदेश एका वेळी एका वर्षापुरताच काढता येतो, म्हणून तो दरवर्षी नव्याने काढावा लागतो. खर्ऱ्यात सुगंधित तंबाखू घोटली जात असेल, तर त्याविरुद्ध तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा पोलिसांकडे करता येते. मात्र साधी तंबाखू आणि चुना प्रौढाला विकणे हा आजही गुन्हा नाही. ग्रामसभेने मनाने ठरवलेला दंड एखाद्याने भरला नाही, तर तो वसूल करण्याचा मार्गही तुमच्या हाती नसतो आणि गावात दोन तट पडतात. तुमच्याकडे नेमके हेच झाले आहे.

मग ठरावाचा उपयोग काय? माझ्या मते ठरावाने खाणाऱ्याला धरू नये, देण्याची रीत बदलावी. लग्नाच्या मांडवात, तेरवीला, बैठकीत, धानाच्या रोवणीच्या वेळी मजुरांना पाहुणचार म्हणून खर्रा पुढे केला जातो. तो नाकारणे म्हणजे यजमानाचा अपमान, असे पंधरा वर्षांच्या मुलालाही वाटते आणि त्याची सुरुवात तिथेच होते. एकट्या घराने हे बंद केले तर त्याला कंजूष म्हणतील. सगळ्या गावाने मिळून ठरवले तर कोणाच्याही मानाला धक्का लागत नाही. असे काम कायद्याला जमत नाही, ग्रामसभेला जमते. तेव्हा ठराव असा लिहा : या गावात कोणत्याही कार्यात, सार्वजनिक कामावर किंवा सभेत तंबाखू, खर्रा, सुपारी दिली जाणार नाही, आणि मजुरीसोबत तंबाखू देण्याऐवजी तेवढी रक्कम किंवा चहा-नाश्ता दिला जाईल. त्यावर पहिल्या सह्या सरपंच, पोलीस पाटील, शिक्षक आणि गावातील जुन्या जाणत्या माणसांच्या हव्यात. त्यांच्यापैकी कोणी खर्रा खात असेल तर त्यांनी तो चारचौघांत सोडण्याचा प्रयत्न करावा. प्रयत्न फसला तरी हरकत नाही, तो लोकांना दिसला पाहिजे.

खर्रा घोटून विकणाऱ्यांशी वेगळे बसून बोला. कित्येकदा तो एकट्या बाईचा किंवा अपंग माणसाचा घरखर्च असतो. त्यांच्यासाठी बचत गटामार्फत दुसऱ्या मालाची सोय झाली नाही, तर विक्री दुकानातून घरात जाते आणि ती शोधणे अधिक अवघड होते. मुलांना विकण्याच्या बाबतीत मात्र कोणतीही तडजोड नको : 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकण्यास बंदी आहे, आणि 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 77 नुसार मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दुकानावर हे मोठ्या अक्षरांत लिहून लावा.

आणि शेवटी, ज्यांना सोडायचे आहे त्यांच्यासाठी महिन्यातून एक ठरलेला दिवस उपकेंद्रात ठेवण्याची मागणी आरोग्य खात्याकडे ग्रामसभेच्या पत्राने करा. बंदी झाल्यावर पोरे शेजारच्या गावात गेली, कारण त्यांची तलफ गावातच होती आणि तिच्यावरचा उपाय गावात नव्हता. किती दुकाने बंद झाली याच्या नोंदीबरोबरच किती जणांनी सोडली आणि सहा महिने टिकवली, याचीही नोंद ठेवा. अशी वही मी फार थोड्या गावांत पाहिली आहे.

प्रश्न : आमच्या शाळेत आठवी-नववीच्या काही मुलांच्या दप्तरात माव्याच्या (सुपारी, तंबाखू आणि चुना यांच्या मिश्रणाच्या) पुड्या सापडल्या. एका मुलाला तिखट लागले की तोंडात आग होते आणि त्याचे तोंड पूर्ण उघडत नाही. आमच्यातील काही शिक्षकांचे मत त्यांना शाळेतून काढावे असे आहे.
— माध्यमिक शिक्षक, सोलापूर जिल्हा

उत्तर : कृपया काढू नका. शाळा सुटली की तो मुलगा दिवसभर त्याच टपरीवर असेल. ज्याला तिखट सोसत नाही त्याला आधी डॉक्टरांकडे न्या. स्वतःच्या हाताची तीन बोटे उभी धरून ती वरच्या आणि खालच्या दातांमध्ये सहज बसतात का, हे घरीही पाहता येते. बसत नसतील, गालाची आतली बाजू पांढरट व कडक लागत असेल, तर तो तोंड आखडण्याचा विकार असण्याची शक्यता मोठी आहे. आलेला आखडलेपणा बहुधा पूर्ण जात नाही, पण मावा या क्षणी थांबला तर वाढ रोखता येते आणि व्यायामाने व उपचाराने बराच फरक पडतो. अशा तोंडात पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो, म्हणून दर काही महिन्यांनी तपासणी चुकवू नये. शासकीय दंत महाविद्यालय किंवा जिल्हा रुग्णालय येथे दाखवा. तुमच्या जिल्ह्यातील बार्शीला ग्रामीण भागाची कर्करोग नोंदणी 1987 पासून चालते. ग्रामीण लोकसंख्येसाठीची ती देशातील पहिली नोंदणी. तिथल्या रुग्णालयाशी शाळेने संपर्क ठेवला, तर तपासणी शिबिर घेणे अवघड जाणार नाही.

शाळेपासून शंभर यार्ड, म्हणजे सुमारे 91 मीटर अंतरात तंबाखूजन्य पदार्थांची विक्री कायद्याने बंद आहे. केंद्र शासनाच्या तंबाखूमुक्त शाळेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्या अंतरावर पिवळी रेघ आखावी लागते. ती रेघ मुलांकडूनच मोजून आखून घ्या; गणिताचा तास होईल आणि टपरीवाल्यालाही समजेल. त्याचबरोबर शिक्षकांच्या खोलीत कोणी तंबाखू मळत नाही ना, हेही पाहावे. "पोरा, पुडी आणून दे" असे सांगून मुलाला टपरीवर पाठवणारे मोठे माणूस शाळेत असो वा घरात, त्याच्या हातूनच मुलाच्या हाती पुडी प्रथम येते. पालकसभेत याच एका गोष्टीचे वचन घेतले तरी पुष्कळ झाले.

प्रश्न : मी अठ्ठावन्न वर्षांचा शेतकरी आहे. पस्तीस वर्षे तंबाखू-चुना दाढेत धरतो. तीनदा सोडली, तीनदा पुन्हा सुरू झाली. या वयात सोडून काही उपयोग आहे का? बांधावर गेले की कोणीतरी चिमूट पुढे करतोच.
— शेतकरी, सांगली जिल्हा

उत्तर : उपयोग निश्चित आहे. 1977 च्या सुमारास एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम या जिल्ह्यांतील खेड्यांत तंबाखू ओढणाऱ्या व चघळणाऱ्या 36,000 हून अधिक लोकांना घरोघर जाऊन समजावण्याचा एक मोठा प्रयोग सुरू झाला होता. एर्नाकुलममध्ये दिसले की, समजावलेल्या लोकांत तंबाखू सोडणारे वाढले आणि तोंडातील पांढरे चट्टे नव्याने येण्याचे प्रमाण घटले. त्यात तुमच्या वयाची माणसेही होती. तीनदा सोडली याचा अर्थ सोडता येते, हे तुम्ही तीनदा सिद्ध केले आहे. अडचण टिकवण्याची आहे. प्रत्येक वेळी पुन्हा सुरुवात कुठे झाली ते आठवून कागदावर लिहा. बांधावर, बाजारात की लग्नात? बहुतेक वेळा तिथे एकच माणूस आणि एकच प्रसंग सापडतो.

चुन्यामुळे निकोटीन रक्तात लवकर उतरते, म्हणून तंबाखू-चुन्याची तलफ जोरदार असते. पण एकेक लाट चार-पाच मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्या, चालू लागा, हातात काम घ्या. दिवसाला दहा-बारा वेळा मळत असाल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटीनची चघळायची गोळी घ्या. ती सतत चघळायची नसते. थोडी चावून गालात धरायची, पुन्हा चावायची, आणि आधी पंधरा मिनिटे चहा घ्यायचा नाही. पुष्कळांना गोळी लागू पडत नाही ती एवढ्यासाठीच. 1800-11-2356 या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर समुपदेशक बोलतात आणि नंतर स्वतःहून पुन्हा फोनही करतात.

सोडण्याआधीच एकदा तोंड तपासून घ्या. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी नुसत्या डोळ्यांनी तोंडाची वारंवार तपासणी केल्यावर तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधील तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, असे 2005 मध्ये प्रसिद्ध झाले आहे. स्वतःही महिन्यातून एकदा आरशासमोर उजेडात गाल, जीभ, जिभेखालची जागा पाहा. पंधरा दिवसांत बरा न होणारा चट्टा, फोड किंवा गाठ दिसली तर वाट पाहू नका.

आणि बांधावरचा प्रश्न. ज्या गड्याकडून तुम्ही सर्वांत जास्त वेळा चिमूट घेता, त्याच्याकडे सोडण्याच्या आदल्या संध्याकाळी जा आणि त्याला सांगा की, उद्यापासून तू मला देऊ नकोस, मी मागितली तरी देऊ नकोस. त्याला जमले तर त्यालाही तपासणीला बरोबर न्या. आपली चंची आणि चुन्याची डबी घरात ठेवू नका, त्याच्याकडेही ठेवायला देऊ नका.